शेरा निरंक

आक्काच्या खोलीतला पारा बेचाळिसाला टेकला त्या दुपारी सगळ्या घरात एकच माणूस खूश होता. काटेसाहेब. "बेचाळीस!" म्हणून ते असे काही ओरडले की बायको हात न पुसताच स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं, सोडतीत घर लागलं. आक्का, म्हणजे काटेसाहेबांची थोरली बहीण, पलंगाच्या कडेला बसून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होती. तिनं पुठ्ठा थांबवला आणि विचारलं,

"छोट्या, ऊन मोजतोयस की मार्क?"

"आक्का, तुला नाही कळायचं. आकडा जितका मोठा तितका आपला अर्ज पक्का."

"मग मी मेले तर पहिलाच नंबर," आक्का म्हणाली आणि पुन्हा पुठ्ठा हलवू लागली.

सगळे हसले. त्या दुपारी ते हसण्यासारखं होतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षकाची नोकरी केली. दुकानात शिरायचं, तराजूचा काटा बघायचा, वजन उलटं करून बुडातल्या शिशावर यंदाचा ठप्पा आहे का ते तपासायचं, नसेल तर ठोकायचा. ठप्पा सरळच बसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तिरका बसला की ते शिसं उकरून पुन्हा भरायला लावायचे आणि दुकानदार मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यांनी कुणाच्या दुकानात कधी चहासुद्धा घेतला नाही. यात बढाई नाही, खरंच घेतला नाही; आणि अशी माणसं घरच्यांना किती महाग पडतात याची नोंद कुठलंच खातं ठेवत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कोपऱ्यावरचा वाणी त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घेतो.

राहायला चौथा मजला, वर गच्ची. गच्ची दिवसभर तापायची आणि सगळी धग खाली आक्काच्या खोलीत उतरायची, कारण तिची खोली पश्चिमेच्या कोपऱ्यात. आक्काजवळ याला इलाज होता आणि तो फुकट होता. दुपारी बाराला गच्चीवर जायचं, आपल्या खोलीच्या बरोबर वर येतील अशी सहा गोणपाटं पसरायची, टाकीच्या नळाच्या दोन बादल्या त्यांवर ओतायच्या. खिडकीला ओली चादर. झालं. खोलीत माणूस आडवा होऊ शकायचा. तीन उन्हाळे तिनं असेच काढले. यंदा मात्र तिचे गुडघे जिना नको म्हणू लागले आणि बादल्यांचं काम काटेसाहेबांच्या बायकोकडे आलं. बायको कुरकुरली नाही, पण काटेसाहेबांनाच ते बघवेना. सत्तरीची बहीण आणि साठीची बायको, दोघींच्या मध्ये एक बादली, आणि आपण पेपर वाचतोय! काहीतरी पक्का इलाज केला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सगळ्या भानगडीची सुरुवात अशी चांगल्या मनानं झाली. भानगडींची सुरुवात बहुतेक तशीच होते. वाईट मनाची माणसं अर्ज भरण्याच्या फंदात पडत नाहीत.

त्याच आठवड्यात जिन्याखालच्या फळ्यावर वॉर्ड ऑफिसचं पत्रक लागलं. 'हवामान बदलास तोंड देण्यासाठी रहिवासीप्रणीत वस्ती प्रकल्पांना लघु अनुदान.' खाली उदाहरणं दिली होती: झाडं, पावसाचं पाणी साठवणं, आणि तिसरं उदाहरण, गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग. काटेसाहेबांनी ते तिसरं उदाहरण तीनदा वाचलं आणि त्याच संध्याकाळी इमारतीची सभा बोलावली.

सभेला नऊ जण आले. त्यातले चार जण मागची सभा पाण्याच्या पंपावरून अर्धी राहिली होती ती पुरी करायला आले होते. तळमजल्यावरचे चेअरमन, ज्यांचं टायरचं दुकान आहे, त्यांनी पत्रक चष्म्याजवळ धरून मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हा प्रणीत कोण?"

"कोण प्रणीत?"

"हे बघा ना, 'रहिवासी, प्रणीत'. आपल्या इमारतीत या नावाचा रहिवासी नाही. मग आपल्याला कसं मिळणार?"

दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, प्रणीत म्हणजे रहिवाशांनी स्वतः सुरू केलेलं. जोडशब्द आहे तो."

"असं होय! मग तसं लिहायचं ना सरळ. मला वाटलं पैसे आधीच कुणाच्या तरी भाच्याला वाटलेत."

हे बाकी चेअरमनसाहेब अगदीच चूक बोलले असं म्हणवत नाही.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला कुणाचं अनुदान लागत नाही. एकानं सांगितलं चुना मारा. दुसऱ्यानं सांगितलं वेली सोडा. तिसऱ्याच्या मेव्हण्यानं कुठंतरी गच्चीवर बदकं पाळल्याचं पाहिलं होतं. बदकं असली की पाणी ठेवावंच लागतं आणि पाणी असलं की गार वाटतंच, असा त्याचा मुद्दा. चेअरमन म्हणाले, "रंग लावा, पण माझ्या तळमजल्याला याचा काय उपयोग? माझ्याकडे भिंतीला ओल येते. ती वर पाठवायची काही योजना असेल तर मी पहिली सही करतो." शेवटी ठरलं असं की रंग गच्चीला लागेल, पण फाटकापाशी प्रकल्पाची पाटी लागेल आणि तिच्यावर चेअरमनचं नाव सगळ्यात वर असेल. चेअरमननी पहिली सही केली. पाटीची ऑर्डर त्यांनी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली; अनुदान मिळायच्या तीन महिने आधी. काही माणसं अशी श्रद्धावान असतात.

वॉर्ड ऑफिसात या योजनेची खिडकी जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी होती. पहिल्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, गच्ची इमारतीच्या मालकीची असल्याचा दाखला आणा. तो आणला. दुसऱ्या फेरीत त्या म्हणाल्या, गच्चीवर ऊन येतं असा दाखला आणा.

"बाई, गच्ची आहे ती. गच्चीवर ऊन येणार नाही तर कुठं येणार?"

"काका, मलाही कळतं. पण मागं एका गटानं जिन्याखाली रंग मारला. तेव्हापासून दाखला लागतो."

"पण असा दाखला देतं कोण? सूर्य कुठल्या खात्याकडे आहे?"

बाईंनी शांतपणे सांगितलं, "अभियंत्याकडे. दुसरा मजला." अभियंता पाहणीला आला तो ढगाळ दिवशी. गच्चीवर उभा राहून त्यानं वर बघितलं, काटेसाहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्ता तर ऊन नाहीये." चार दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा रुमालानं डोकं झाकून त्यानं दाखला दिला आणि जाता जाता आक्काकडे प्यायला पाणी मागितलं.

तिसऱ्या फेरीत बाईंनी नोंदीचा तक्ता दिला. तीस ओळी. रोज तीन वेळा तापमान, खोलीत राहणाऱ्यांची संख्या, आणि शेवटी एक रकाना 'शेरा'. वर ठळक अक्षरात सूचना: 'सलग तीस दिवसांची नोंद करावी. नोंदीच्या काळात मूळ स्थितीत कोणताही बदल करू नये.'

काटेसाहेबांनी ती सूचना वाचली आणि एवढ्या फेऱ्यांमध्ये पहिल्यांदाच त्यांना या ऑफिसाबद्दल आदर वाटला. वा! आधी नीट मोजा, मग औषध द्या. तराजू दुरुस्त करण्याआधी तो किती खोटा आहे ते कळायला नको? त्यांनी खिडकीत वाकून विचारलं, "बाई, एक शंका. खोलीतल्या माणसानं खिडकीला ओली चादर लावली, वर गोणपाटं भिजवली, तर तो मूळ स्थितीतला बदल धरायचा का?"

बाई फाइलला दोरी बांधत होत्या. दोरी दातात होती. ती काढून त्या म्हणाल्या, "काका, ते तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा! जगातला सगळ्यात वाईट आदेश. तीस वर्षं नियमावर चाललेल्या माणसाला कुणी तुम्हीच ठरवा म्हटलं की तो नेहमी जास्त कडक बाजू निवडतो, कारण सैल बाजूची त्याला सवयच नसते. घरी येईपर्यंत काटेसाहेबांनी ठरवलं होतं.

"आक्का, तीस दिवस फक्त. गोणपाटं नाहीत, चादर नाही. नाहीतर मोजमाप खोटं ठरेल."

"आणि पंखा?"

"पंखा चालेल. पंखा मूळ स्थितीतच आहे."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी मूळ स्थितीत आहे ना, विचारते आपली." आक्का हसली. "कर बाबा. एवढा चार जिने खाली-वर करतोयस माझ्यासाठी. तीस दिवस काढते मी. त्याआधी काय थंड हवेच्या गावी राहत होते?"

बायको मात्र त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? दोन बादल्या पाण्यानं कुणाचं आभाळ फाटणार आहे?"

"प्रश्न पाण्याचा नाही. प्रश्न खरेपणाचा आहे."

"खरेपणा घेऊन त्या खोलीत तुम्ही झोपा मग."

हे ऐकून काटेसाहेबांचा स्वाभिमान दुखावला. ते दुपारी त्या खोलीत झोपायला गेलेही. वीस मिनिटांनी उठून आले आणि म्हणाले, माझं घोरणं आक्काला त्रास देतं.

मोजायचं ते नीट मोजायचं. त्यांनी एक थर्मामीटर आणला, मग त्याच्यावर विश्वास नाही म्हणून दुसरा आणला. दोघांत दीड अंशाचा फरक आला, म्हणून न्यायनिवाड्याला तिसरा आणला. तिसरा दोघांच्याही विरोधात गेला. मग तिन्ही पिशवीत घालून ते आपल्या जुन्या ऑफिसात गेले आणि साहेबाच्या मागं लागून एकाची चूक किती ते कागदावर लिहून आणलं. शिकवणीबाईंनी सल्ला दिला की थर्मामीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर हवा; काटेसाहेबांनी तो आक्काच्या पलंगाच्या उशाशी, ती बसली की डोक्याला लागेल असा टांगला. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. घड्याळाच्या ठोक्याला दार वाजायचं, काटेसाहेब पेन्सिल कानाला लावून आत यायचे, चष्मा चढवायचे, पाऱ्याला नाक लावायचे आणि लिहायचे. शेऱ्याच्या रकान्यात रोज सुवाच्य अक्षरात एकच शब्द: निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. सरकारी भाषेत याच्याइतका सुंदर शब्द नाही, असं त्यांचं मत होतं.

आठव्या दिवशी दुपारी पारा एकतीस दाखवू लागला. काटेसाहेब चक्रावले. मग दिसलं की आक्कानं थर्मामीटरवर ओला पंचा टाकलाय.

"आक्का! हे काय?"

"त्यालाही गरम होत असेल रे. दिवसभर माझ्याबरोबर लटकलेला असतो बिचारा."

काटेसाहेबांना हसू आलं नाही. त्यांनी पंचा काढला, थर्मामीटर पुसला, अर्धा तास थांबले आणि पुन्हा मोजला. एकेचाळीस. आक्का त्यांच्याकडे बघत होती. तिला तो पंचा परत हवा होता, हे त्यांना खूप नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी तो घडी करून बाहेर नेला होता.

एकोणिसाव्या दिवशी घात झाला. दुपारी दोनला पारा एकदम सदतीस. काटेसाहेब जिना चढून गच्चीवर गेले. आक्काच्या खोलीवर सहा चौकोनी ओले डाग. गोणपाटं गुंडाळून टाकीमागं लपवलेली, अजून ठिबकत होती. खाली येऊन त्यांनी बायकोकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षं खोटी वजनं लपवणाऱ्या दुकानदारांकडे ते असंच बघायचे.

"हो, टाकलं मी पाणी," बायको म्हणाली. "सकाळपासून आक्कांनी चहाला तोंड लावलेलं नाही. काय करायचं ते करा."

काटेसाहेबांनी काय केलं? भांडले असते तरी बरं होतं. त्यांनी पट्टी घेतली, तक्त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली, खाली 'रद्द' लिहिलं, सही केली. मग नवा तक्ता काढला. सलग तीस दिवस म्हणजे सलग तीस दिवस. एकोणीस अधिक अकरा हे तीस होतात, पण सलग होत नाहीत.

आक्का दारात उभी राहून बघत होती. "पुन्हा एकपासून?"

"नियम आहे आक्का."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. ती काही टोचून बोलली नाही. आक्का टोचून बोलायची बंद झाली तेव्हाच खरं तर घरानं घाबरायला हवं होतं.

आता गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली काटेसाहेबांच्या खिशात गेली. इकडे चेअरमनची पाटी रंगून आली. दुकानाच्या पाटीइतकी मोठी, हिरवी, तिच्यावर नऊ नावं आणि 'पृथ्वी वाचवूया'. ती लावायला घाई म्हणून चेअरमन रोज जिन्यात गाठायचे. "काटेसाहेब, किती झाले दिवस? अहो, लिहून टाका ना अंदाजे. ऊन काय रोज वेगळं असतं?" असं कुणी म्हटलं की काटेसाहेबांची मान आणखी ताठ व्हायची. अख्ख्या इमारतीत खरं मोजणारा मी एकटा, या विचारानं त्यांना उन्हातही बरं वाटायचं.

दुसऱ्या खेपेचा बारावा दिवस. दुपारी दोन. त्यांनी दार वाजवलं, आतून उत्तर आलं नाही, तेव्हा झोपली असेल म्हणून हळूच आत गेले. आक्का पलंगाच्या आणि खिडकीच्या मध्ये जमिनीवर पडली होती. उजवा हात अंगाखाली. पुठ्ठा लांब जाऊन पडलेला.

काटेसाहेबांनी पारा बघितला.

किती वेळ? दोन सेकंद असतील, तीन असतील. दोनचा ठोका होता, नजर तिकडे गेली. एकतीस दिवसांची सवय, नजर आपोआप गेली, असं ते नंतर स्वतःला शंभर वेळा सांगणार होते. आधी पारा, मग आक्का. त्यांनी खाली बघितलं तेव्हा आक्काचे डोळे उघडे होते. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"किती होता रे?" तिनं विचारलं.

आणि काटेसाहेब म्हणाले, "त्रेचाळीस."

मग आरडाओरडा, पाणी, शिकवणीबाईंनी आणलेला बर्फ, चेअरमनची गाडी, दवाखाना. उन्हानं चक्कर आली होती, पडताना मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, खोली गार ठेवायला काही करत नव्हता का? बायकोनं काटेसाहेबांकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून आक्काला तिच्या लेकीनं परस्पर आपल्या घरी नेलं. लेक शिवणकाम करते. तिची एकच खोली, तळमजल्याची, तीत दोन शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे. जागा नाही म्हणूनच आक्का भावाकडे राहत होती. आता दोन मशीनच्या मधल्या पट्ट्यात तिची गादी पडली.

त्या संध्याकाळी सहाला काटेसाहेब सवयीनं रिकाम्या खोलीत गेले. पारा बघितला, लिहिला. 'खोलीत राहणाऱ्यांची संख्या' या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. आजवर तिथं एक असायचा. आता शून्य. म्हणजे मूळ स्थितीत बदल! त्यांच्या मनात आलं, अठरा दिवसांसाठी आक्काला परत बोलवावं लागेल. हा विचार त्यांच्या डोक्यात अगदी सरळ, चष्मा लावून आला. मग त्यांनी तो पुन्हा एकदा, जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला, आणि ते मटकन आक्काच्या पलंगावर बसले. थर्मामीटर डोक्याला लागला.

"आता कुणासाठी मोजताय?" बायकोनं दारातून विचारलं.

तरी त्यांनी उरलेले दिवस मोजले. अर्ज गेला होता, नऊ जणांच्या सह्या होत्या, पाटी तयार होती. आणि खरं सांगायचं तर मोजणं थांबवलं असतं तर दुपारी दोनला करायचं काय, हा प्रश्न होता. पडल्याच्या दिवसापुढेही त्यांनी 'निरंक' लिहिलं. शेऱ्याचा रकाना तापमानाबद्दल असतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

तीस दिवस भरल्यावर ते तक्त्याची नक्कल घेऊन खिडकीवर गेले; मूळ कागद कामाच्या शेवटी जोडायचा होता. बाईंनी पानं चाळली. "बापरे, रोज तीनदा खरंच मोजलंत?"

"म्हणजे?"

"नाही, छान केलंत. बाकीचे लोक घरी बसून एका दुपारीच भरतात हो."

काटेसाहेब खिडकीत आणखी वाकले. "आणि ती सूचना? मूळ स्थितीत बदल करू नये म्हणून आम्ही खोलीत ओली चादरसुद्धा..."

"चादर?" बाई गोंधळल्या. "मूळ स्थिती म्हणजे गच्चीची हो काका! लोक आधीच रंग मारून मोकळे होतात आणि मागाहून पैसे मागतात, म्हणून तो नियम. खोलीत तुम्ही काहीही लावा. चादर लावा, बर्फ ठेवा. कोण बघायला येतंय?"

"मी तुम्हाला विचारलं होतं बाई. याच खिडकीत."

"विचारलं असेल. मी काय म्हणाले?"

"तुम्हीच ठरवा म्हणालात."

"मग?" बाई म्हणाल्या.

एका वाक्यात सगळा दोष त्यांच्या पदरात आला होता, आणि तो मापाला बरोबर होता.

अनुदान मंजूर झालं. रंग लागला. तीन हात दिल्यावर गच्ची अशी चमकली की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी डोळ्यांवर उजेड येतो म्हणून लेखी तक्रार केली. उद्‌घाटनाला वॉर्ड ऑफिसचे साहेब आले, बुटांसकट गच्चीभर हिंडले, आणि त्यांच्या मागोमाग चेअरमन. पांढऱ्यावर चोवीस काळी पावलं उमटली ती कशानंही निघाली नाहीत. पाटी फाटकाला लावली, तर फाटक उघडेना. ती काढून भिंतीला लावली, तर मीटरच्या खोलीचं दार बंद झालं. शेवटी ती जिन्यात आडवी उभी राहिली, आणि पृथ्वी वाचवूयाला वळसा घालून लोक वर जाऊ लागले. पण खोटं कशाला बोला, रंगानं आपलं काम केलं. भर दुपारी दोनला आक्काच्या खोलीत पारा छत्तीस. सात अंश खाली. त्या खोलीत आता चेअरमननी उरलेल्या रंगाचे चार डबे ठेवले होते. डबे आरामात होते.

राहिला अंतिम अहवाल. त्यात एक रकाना होता: 'लाभार्थीचा अभिप्राय व सही'. काटेसाहेब अहवाल घेऊन भाचीच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खिडकीला ओली चादर लावलेली.

"या मामा," भाची मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "मोजायला आलात?"

"असं बोलू नये गं," आक्का म्हणाली. ती गादीवर बसून प्लास्टरच्या हातानं कापड दाबून धरत डाव्या हातानं टाके उसवत होती. "बस छोट्या. मशीनला पाय लागू देऊ नकोस."

ते दोन मशीनच्या मधे, गुडघे छातीशी घेऊन बसले. बोलायचं होतं ते सगळं वाटेत तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता सापडेना. "आक्का, खोली छत्तीसवर आली," ते म्हणाले. "आता तू परत..."

"चांगलं झालं की."

"येशील?"

आक्कानं दोरा दातानं तोडला. "इथं कुणी आत आलं ना, तर आधी माझ्याकडे बघतं रे," ती म्हणाली. रागानं नाही. पत्ता सांगावा तसं.

मशीनचा आवाज थांबला होता. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं, हे काटेसाहेबांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणजे आक्कानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आण तो कागद," आक्का म्हणाली. "काय लिहू? खरं की चांगलं?"

"खरं," काटेसाहेब म्हणाले. दुसरं काही म्हणणं त्यांना जमलंच नसतं.

डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, बराच वेळ लावून तिनं लिहिलं: 'खोली गार झाली असे ऐकते.' आणि सही केली.

घरी येऊन काटेसाहेबांनी नोंदीचा मूळ तक्ता काढला. बाराव्या दिवसाची ओळ. दुपारी दोन, त्रेचाळीस, राहणाऱ्यांची संख्या एक, शेरा निरंक. त्यांनी पट्टी घेऊन 'निरंक'वर रेघ मारली. रकाना अरुंद होता, म्हणून बारीक अक्षरात वर लिहिलं: 'बहीण जमिनीवर पडली होती. मी आधी पारा पाहिला.'

दुसऱ्या दिवशी खिडकीवर रांग नव्हती. बाईंनी अहवाल घेतला, फोटो मोजले, सह्या मोजल्या. काटेसाहेब खिडकीची कड धरून उभे होते. त्यांना वाटत होतं, आता थांबतील. वाचतील. मान वर करून विचारतील, काका, हे काय? आयुष्यभर त्यांनी दुकानदारांना पकडलं होतं. पकडलं जाण्याची एवढी वाट कुणी बघत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तक्त्यावर बाईंचं बोट थांबलं. बरोबर बाराव्या ओळीवर.

"काका, इथं खाडाखोड आहे."

"हो," काटेसाहेब म्हणाले. "वाचा ना."

"वाचायचं काय? खाडाखोड असली की बाजूला सही लागते. करा इथं."

त्यांनी सही केली. बाईंनी शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि बाराव्या ओळीवरच ठेवून मारला. अगदी सरळ बसला.